हलूनकाकांच्या बॅटऱ्या

कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी खिडकी बघतात, मग माणसं.

चहा उभ्यानेच पितात. खुर्ची रिकामी असली तरी.

बोलता बोलता समोरच्याची हनुवटी दोन बोटांनी किंचित वळवतात. एकदा डॉक्टरांचीही वळवली. डॉक्टर तेव्हा इंजेक्शन भरत होते.

"एक, दोन" म्हणतात आणि दोनलाच बटण दाबतात. तीनला लोक डोळे मिटतात, असं त्यांचं म्हणणं.

भरलेली बॅटरी डाव्या खिशात, संपलेली उजव्या. बसचं तिकीटही असंच. काढलं की डाव्या खिशात, उतरले की उजव्या.

राग आला की भिंग पुसतात. जास्त आला की पुसलेलं भिंग पुन्हा पुसतात.

झोपेत उजव्या हाताचं पहिलं बोट हलतं.

ही सगळी काकूंची निरीक्षणं. लग्न झाल्यापासून त्या बघत आल्या आहेत आणि अजून भर पडते आहे, असं त्या म्हणतात.

काकांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं आहे. बाकी सगळ्यांसाठी ते हलूनकाका. फोटो काढताना "हलू नका" म्हणायचे, कुणा पोराने त्याला काका जोडले आणि ते चिकटले ते कायमचे. गावातली लग्नं, साखरपुडे, शाळांचे वर्ग, पासपोर्टचे चेहरे, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. स्टुडिओ म्हणजे वह्या-पेनांचं दुकान आणि सलून यांच्यामध्ये चेपलेली एक अरुंद खोली. मागे स्टूल आणि पडदा. पडद्याची एक बाजू निळी, दुसरी पांढरी. पुढे काउंटर, आणि काउंटरवर काकू. फोटो कापायचे त्यांनीच, गिऱ्हाइकाला "कान दिसू द्या" म्हणायचं त्यांनीच, आणि रात्री दुकान बंद करताना बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या त्याही त्यांनीच.

बॅटऱ्यांचं एक वेगळंच प्रकरण होतं.

काकांच्या एकाही बॅटरीवर लेबल नव्हतं. नवी बॅटरी आली की ते ब्लेड घ्यायचे, कंपनीचं लेबल खरवडून काढायचे, वर थिनरचा बोळा फिरवायचे. बॅटरी काळी, गुळगुळीत, कोरी व्हायची. वेड वाटावं असं हे काम. पण त्याला कारण होतं. पूर्वी एका लग्नात, ऐन मोक्याच्या क्षणी, नवरा-नवरी समोरासमोर, सगळा हॉल उठून उभा, आणि काकांची बॅटरी संपली. बदलायला गेले तर निघेना. गरमीने लेबलचा कोपरा सुटून आत गुंडाळला गेला होता. शेवटी नवरीच्या मावशीने केसातला आकडा काढून दिला, तेव्हा कुठे ती बाहेर आली. तोवर तो क्षण होऊन गेला होता. काका आजही त्या नवरीचा रस्ता टाळतात. तिची मुलं आता कॉलेजात आहेत.

लेबल गेलं की सगळ्या बॅटऱ्या सारख्याच दिसणार. म्हणून काकांनी त्यांना नावं दिली. पांढऱ्या मार्करने, स्वभाव बघून.

मोठे काका भरायला वेळ लावायचे, पण एकदा भरले की शेवटच्या पंगतीपर्यंत टिकायचे. आत्या सुरुवातीला दणक्यात चालायची आणि मध्येच रुसायची. मेव्हणा पूर्ण भरलेला दाखवायचा आणि दहा फोटोंत मान टाकायचा. जुळ्या दोघी एकदम आणलेल्या, एकदम संपायच्या. मामी गुणाची. ती कायम कॅमेऱ्यातच असायची. आणि एक होते जावईबापू. हातात धरून ऊब दिल्याशिवाय ते सुरूच व्हायचे नाहीत.

लेकीचा फोन आला त्या दिवशी काकांनी जावईबापू पुसले आणि तिथे "पाहुणा" लिहिलं.

लेक परदेशात होती. शिकायला गेली, नोकरीला लागली, राहिली. तिने फोनवर सांगितलं की तिचं लग्न ठरलं आहे. मुलगा तिकडचाच. तारीखही सांगितली. काकांनी ऐकून घेतलं, फोन काकूंच्या हातात दिला आणि भिंग पुसायला बसले.

"मुलगा वाईट आहे का?" काकूंनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग राग कसला?"

"विचारलं नाही तिने. कळवलं." काका भिंगावर फुंकर मारत म्हणाले. "कळवलं ना. कळलं."

त्यानंतर लेकीचा फोन आला की काका दुकानातल्या पडद्यामागे जायचे. गिऱ्हाईक नसलं तरी. काकू मध्ये पडल्या, रागावल्या, अबोला धरून बघितला. काका ढिम्म. शेवटी एक दिवस पडद्यामागूनच त्यांचा आवाज आला.

"तिला सांग, लग्नाला मी येणार नाही."

काकूंच्या हातातला कटर थांबला.

"फोटो काढायला येईन," काका म्हणाले. "कामावर."

काकूंनी हे लेकीला सांगितलं. लेक आधी हसली. मग म्हणाली, "चालेल. त्यांना म्हणावं, फोटोग्राफर म्हणून या."

काकूंना हे अजिबात चालणार नव्हतं. पण न येण्यापेक्षा बरं, म्हणून त्या गप्प बसल्या. त्यांना एवढंच हवं होतं, की त्या दिवशी हा माणूस लेकीसमोर बाप म्हणून उभा राहावा. डोळ्याला कॅमेरा न लावता. आणि हे घडणार नाही, हे त्यांना पुरतं माहीत होतं. लग्नात काका कॅमेऱ्यामागे गेले की घर जळत असलं तरी बाहेर यायचे नाहीत. कुणी जवळ येऊन रडलं तरी ते उजेड बघायचे. त्यांना बाहेर काढणारी एकच गोष्ट होती. बॅटरी संपणं.

आणि काकांनी सगळ्या बॅटऱ्या भरून घेतल्या होत्या.

प्रवासाची तयारी त्यांनी जीव ओतून केली. पहिल्यांदाच विमान. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारून झालं. बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत, जवळ ठेवायच्या. टोकांवर चिकटपट्टी लावायची. प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. काकांनी सगळं केलं. सहा पिशव्या एका कापडी पाउचमध्ये बसल्या. मामी कॅमेऱ्यात. शिवाय एक कोरी करकरीत बॅटरी ऐनवेळी आली होती. तिला खरवडायला सवड मिळाली नव्हती. पाउचमध्ये जागा नव्हती म्हणून काकांनी ती खोक्यासकट काकूंच्या पर्समध्ये सरकवली. गोळ्यांच्या डबीशेजारी.

"हिचं नाव?" काकूंनी विचारलं.

"अजून स्वभाव कळला नाही," काका म्हणाले.

विमानतळावर काकांनी आधी खिडक्या बघितल्या. "उजेड चांगला आहे," म्हणाले. मग रांगेत उभे राहिले.

तपासणीला काकू पुढे होत्या. त्यांची पर्स पट्ट्यावरून गेली, पलीकडे आली, त्यांनी खांद्याला लावली. त्यांच्यामागून काकांची बॅग आली आणि थांबली. पट्टा मागे गेला, पुन्हा पुढे आला. मशीनमागच्या माणसाने मान वळवून दुसऱ्याला काहीतरी दाखवलं.

"ही बॅग कुणाची?"

"माझी," काका म्हणाले. कंबरपट्टा एका हातात, पँट दुसऱ्या हातात.

अधिकारी तिशीतला होता. चेहऱ्यावर झोप, पण डोळे जागे. त्याने बॅग उघडायला लावली. कॅमेरा बाहेर निघाला, पाउच बाहेर निघालं. त्याने एक एक पिशवी ट्रेमध्ये मांडली आणि त्याचा चेहरा खुलला.

"चिकटपट्टी लावलीय. वेगवेगळ्या पिशव्या. वा! असं कुणी करत नाही हो, काका."

काकांची छाती इंचभर फुगली. त्यांनी मागे वळून काकूंकडे बघितलं.

अधिकाऱ्याने एक बॅटरी उलटी केली. मग सुलटी केली. मग दुसरी घेतली. खुललेला चेहरा हळूहळू मिटला.

"ह्याच्यावर काही लिहिलेलंच नाही."

"लिहिलंय की."

"‘आत्या’ लिहिलंय."

"हो. ती आत्या आहे."

"कुणाची?"

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. अधिकारी एकेक उचलून वाचू लागला. "मोठे काका. मेव्हणा. जुळी एक. जुळी दोन. पाहुणा." त्याने वर बघितलं. "अख्खं कुटुंब घेऊन निघालात? ह्यांची तिकिटं काढलीत का?"

"साहेब, ती नावं ओळखण्यासाठी आहेत."

"ते कळलं. पण बॅटरी किती ताकदीची आहे, ते तिच्यावर छापलेलं लागतं. कंपनीने छापलेलं. ठरावीक ताकदीच्या आत असेल तरच सोडता येते."

"छापलेलं होतं," काका म्हणाले. "मी खरवडलं."

"का?"

काकांनी सांगितलं. नवरा-नवरी, सुटलेला कोपरा, मावशीच्या केसातला आकडा, सगळं. अधिकारी शेवटपर्यंत ऐकत राहिला. मागचा एकजण म्हणाला, "अहो काका, आमचंही विमान आहे." त्याच्या मागची बाई म्हणाली, "थांबा हो, मग निघाली का बॅटरी?"

"निघाली," काका म्हणाले. "पण फोटो गेला."

अधिकाऱ्याने मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटलं असावं.

"काका, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण माझ्या विश्वासावर विमान चालत नाही. बाहेर कुणी सोडायला आलंय? त्यांच्याकडे देऊन या."

"ते गेले. आम्हीच म्हटलं, जा."

अधिकारी थोडा वेळ ट्रेकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ह्याच मापाची, ह्याच कंपनीची, लेबल असलेली एक जरी असती ना, तरी ती शेजारी ठेवून आमच्या मॅडमना विचारलं असतं. त्या सोडतील असं वाटतं. आहे का एखादी?"

काकूंचा हात पर्सवर होता.

त्यांनी काकांकडे बघितलं. काका ट्रेकडे बघत होते. मान खाली, कंबरपट्टा अजून हातातच. गडबडून गेलेत, काकूंना वाटलं. हातपाय गळालेत. आठवत नाहीये त्यांना.

"काकू, तुमच्याकडे?" अधिकाऱ्याने विचारलं.

आयुष्यभर बॅटऱ्या चार्जिंगला लावणाऱ्या, अंधारात नुसत्या वजनावरून मेव्हणा आणि आत्या ओळखणाऱ्या काकू म्हणाल्या, "मला मेलीला बॅटरीतलं काय कळतंय?"

त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"मग नाइलाज आहे," अधिकारी म्हणाला. "कॅमेऱ्यातली राहू द्या. ह्या इथे टाकाव्या लागतील."

काचेची एक पेटी होती. आत लायटर, कात्र्या, एक चाकू. अधिकाऱ्याने बॅटऱ्या स्वतः टाकल्या नाहीत. ट्रे काकांपुढे सरकवला आणि दुसरीकडे बघू लागला. काकांनी एकेक पिशवी हळूच आत सोडली. मोठे काका आधी, मानाने. पाहुणा सगळ्यात शेवटी.

"चला," काका म्हणाले आणि कंबरपट्टा लावू लागले.

काकूंचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. आपण हे काय केलं? ह्या माणसाची सगळी फौज पेटीत घातली. आता हे विमानात बोलतील, नाही तर उतरल्यावर. तिकडे गेल्यावर लेकीवर राग काढतील. कदाचित म्हणतील, मी येतच नाही, मला हॉटेलात ठेवा.

काका काहीच बोलले नाहीत. विमानात त्यांना खिडकी मिळाली. खाली ढग होते, वर ऊन, आणि काकांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. जेवण आलं ते जेवले. काकूंना जाईना, तर त्यांचंही जेवले. मग झोपले. काकू त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. बोट हलत नव्हतं.

लेक बाहेर उभी होती. शेजारी एक उंच माणूस, हातात फुलं कशी धरायची ते न कळलेला. काकांनी कॅमेरा वर केला. काकूंनी डोळे मिटून घेतले. एकच आवाज आला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा काका भिंगाला टोपी लावत होते.

"एकच?" लेक म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने वडिलांना उद्देशून उच्चारलेला हा पहिला शब्द.

"बॅटरी एकच आहे. जपून वापरायला हवी," काका म्हणाले. "बाकीच्या तिकडे ठेवून घेतल्या."

"कुणी?"

"विमानवाल्यांनी."

लेकीने आईकडे बघितलं. काकूंनी पर्स काखेत घट्ट धरली.

"बाबा, मग त्यात काय?" लेक म्हणाली. "इथे दुकानात मिळतात. उद्याच घेऊ चार."

"नको," काका म्हणाले. "असू दे. भागेल एकीवर."

काकूंना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाला तरी विमानातून घेऊन आलो.

होणारा जावई बेकरीत कामाला होता. पहाटे उठून पाव भाजायचा. मनगटावर भाजल्याच्या जुन्या खुणा. त्याने मराठीची तीन वाक्यं पाठ केली होती आणि घरी पोचताच तिन्ही एकदम वापरून टाकली. "बसा ना. पाणी देऊ का? छान." मग त्याचं भांडवल संपलं आणि तो नुसता उभा राहिला. काका त्याच्याकडे बघत होते. त्यांनी पुढे होऊन त्याची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि खिडकीकडे किंचित वळवली. जावई श्वास रोखून तसाच राहिला. लेकीने तोंडावर हात दाबला.

"चेहरा बरा आहे," काका म्हणाले. "उजवीकडून."

रात्रीचं जेवण झालं. लेकीने सोफा उघडून त्याचा पलंग करून दिला आणि ती आत गेली. काकूंनी गोळी घ्यायला पर्स उघडली. हाताला खोका लागला. आता लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता आणि लपवून झोपही लागणार नव्हती. त्यांनी खोका काढून काकांपुढे धरला.

"ही घ्या. आणि काय बोलायचं ते एकदाच बोलून टाका."

काकांनी खोका हातात घेतला. उलटा करून लेबल वाचलं. "माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"पर्समध्ये मीच ठेवली होती ना."

"मला वाटलं, गडबडीत विसरलात."

"मी? बॅटरी विसरेन?"

काकू खाली बसल्या. "मग तो साहेब विचारत होता तेव्हा तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

"तुझ्या तोंडाला काय झालं होतं? म्हणे, मला मेलीला काय कळतंय! अगं, तू बॅटऱ्यांवर भाषण देशील."

काकूंना हसू आलं. ते त्यांनी गिळलं. "माझं सोडा. तुमचं सांगा."

काका बराच वेळ खोका फिरवत राहिले.

"त्याने आत्या हातात घेतली ना," ते म्हणाले, "आणि म्हणाला, ह्याच्यावर काही लिहिलेलं नाही. मी घाबरलो आधी. मग एकदम हलकं वाटलं. म्हटलं, गेल्या तर गेल्या. सुटलो." त्यांनी खोका खाली ठेवला. "इथे येऊन पोरीशी काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं. म्हणून सगळ्या भरून घेतल्या होत्या."

"आणि आता सुचलं?"

"छे. पण आता बोलावं तर लागेल."

काकूंनी गोळी घेतलीच नाही. त्यांना तशीच झोप लागली, गाढ, परक्या घरातल्या सोफ्यावर.

लग्न एका सरकारी खोलीत होतं. लांब टेबल, त्यावर फुलदाणी, भिंतीवर घड्याळ, समोर दोन खुर्च्या. माणसं मोजकीच. जावयाची म्हातारी आत्या काठी घेऊन आली होती, बेकरीतले काही जण, लेकीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी. काका पांढरा शर्ट घालून भिंतीला लागून उभे होते. कॅमेरा गळ्यात. सुरुवातीला त्यांनी नेहमीसारखं काम केलं. खिडकीकडून, मग दाराकडून. मामी गुणाने चालत होती. काकूंना पुन्हा धाकधूक वाटू लागली.

टेबलामागच्या बाई काहीतरी वाचत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं. साक्षीदार कोण?

जावयाकडून त्याची आत्या उठली. लेकीकडून एक मैत्रीण उठली, तसं ठरलंच होतं. लेकीने तिला हाताने थांबवलं आणि ती भिंतीकडे वळली.

"बाबा, सही कराल?"

"मी कामावर आहे," काका म्हणाले. कॅमेरा डोळ्यालाच होता.

लेकीचा चेहरा पडला. नुसती तिथेच, भिंगाच्या समोर, उभी राहिली. हललीही नाही. खोलीत घड्याळाचा आवाज येऊ लागला. आता हा माणूस बटण दाबेल आणि संपलं, काकूंना वाटलं. एक. दोन.

काकांनी बटण दाबलं नाही. त्यांनी कॅमेरा खाली घेतला. गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला, तो अडकला, चष्मा वाकडा झाला, पुन्हा काढला. येऊन कॅमेरा काकूंच्या गळ्यात घातला. "धर," म्हणाले. आणि टेबलापाशी गेले.

सही करताना वीजबिलावरचं नाव त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत पूर्ण लिहिलं.

पेन खाली ठेवल्यावर आता काय करायचं, हे त्यांना कळेना. हात रिकामे होते. लेक अगदी जवळ उभी होती.

"बाबा, मी कळवलं. विचारलं नाही. चुकलंच माझं."

"विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं?"

"विचार करतो म्हणाला असतात."

"किती दिवस?"

"अजून करतच असता."

काकांनी जरा हिशेब केल्यासारखं केलं. "मग बरं केलंस," म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. लेकीने त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. काकांनी इकडे तिकडे बघितलं, खिडकी शोधत असावेत. मग शोधणं सोडून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

काकूंच्या गळ्यात कॅमेरा होता. त्यांना बटण कुठे आहे ते माहीत होतं. त्यांनी ते दाबलं नाही. त्यांना दोन्ही डोळ्यांनी बघायचं होतं.

बाहेर पायऱ्यांवर सगळे जमले. काकांनी कॅमेरा परत घेतला, मामीला विश्रांती दिली, नवी बॅटरी आत घातली आणि एकदम त्यांना जोर चढला. ग्रुप फोटो! त्यांनी कामाला सुरुवात केली. उंच माणसं मागे. आत्याबाईंना खुर्ची. काकू जावयाशेजारी. बेकरीवाल्यांचे खांदे तिरके. भाषा कुणाला कळत नव्हती, पण दोन बोटं हनुवटीला लागली की सगळे मुकाट्याने वळत होते. काका ग्रुप फोटोत फट ठेवत नाहीत. फटीतून भिंत दिसते आणि फोटोत कुणीतरी मेल्यासारखं वाटतं, असं ते काकूंना नेहमी सांगत आले.

ते खाली उतरले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि थांबले. लेकीच्या शेजारी एका माणसाएवढी फट होती.

"जवळ या," काकांनी हाताने खूण केली.

कुणी हललं नाही. लेकीने आपला हात आडवा धरून ठेवला होता.

काका भिंगातून बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी कॅमेरा कठड्यावर ठेवला, पायऱ्या चढले आणि त्या फटीत जाऊन उभे राहिले. मान सरळ, कान दिसतील अशी. सगळ्यांनी समोर बघितलं. सगळे हसले. आणि तसेच उभे राहिले.

जरा वेळाने आत्याबाईंनी खुर्चीतून काहीतरी विचारलं. लेक खळखळून हसायला लागली.

"त्या विचारतायत, फोटो कोण काढतंय?"

समोर कठडा होता. कठड्यावर कॅमेरा. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

रस्त्याने जाणाऱ्या एकाने, मी काढू का, अशी खूण केली. एका मैत्रिणीने फोन पुढे केला. "नको, नको," काका म्हणाले. "मी काढतो. जेवण झाल्यावर."

"बाबा, टायमर लावा ना."

"टायमरवर माझा विश्वास नाही."

जेवण लांबलं. काका बसून जेवले, दोनदा वाढून घेतलं, जावयाने भाजलेल्या पावाचं "छान" म्हणून कौतुक केलं, कारण त्याला तेवढंच कळत होतं. जेवणानंतर उजेड गेला होता. दुसऱ्या दिवशी बेकरीवाले कामावर गेले, आत्याबाई आपल्या गावी गेल्या. मग परतायचा दिवस आला.

आयुष्यात काकांनी एकही लग्न अर्धं सोडलं नव्हतं. हे सोडलं. अल्बम काकूंनी स्वतः लावला. शेवटचं पान मोठ्या फोटोचं, ते कोरं आहे.

लेक फोनवर विचारते, "बाबा, ग्रुप फोटोचं काय झालं?"

आता काका पडद्यामागे जात नाहीत. काउंटरवरचा फोन काकूंच्या हातातून ओढून घेतात.

"काम बाकी आहे," म्हणतात. "घाई करू नकोस."